हार्श, हॉस्टाइल, रूड: कठोरपणाचे आणि वैराचे इंग्रजी शब्द – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीत तक्रार, शेरा किंवा अभिप्राय लिहायची वेळ आली की बहुतेकांच्या हाताशी चारच शब्द असतात: रूड, स्ट्रिक्ट, हार्श आणि ॲग्रेसिव्ह. चारही शब्द कामाचे आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. भाषांतर करताना आणि शिकवताना मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

हार्श आणि हॉस्टाइल यांत नेमका फरक काय?

हार्श हा शब्द घाव किती लागला ते सांगतो. घाव घालणाऱ्याच्या मनात काय होते, याबद्दल तो काहीच बोलत नाही. आई लेकराला हार्श बोलू शकते, गुरू शिष्याच्या कामावर हार्श टीका करू शकतो, आणि दोघांच्याही मनात माया असू शकते. हॉस्टाइल मात्र मनाबद्दल बोलतो. समोरच्याने तुम्हाला विरोधी गोटात धरले आहे, एवढे तो सांगतो. अशा माणसाचा आवाज चढलेला असेलच असे नाही. तो शांतपणे, अगदी सभ्य भाषेतही हॉस्टाइल असू शकतो.

म्हणूनच निर्जीव गोष्टींना हार्श सहज लागतो: हार्श लाइट म्हणजे डोळ्यांना खुपणारा प्रकाश, हार्श केमिकल्स म्हणजे त्वचा सोलवटून काढणारी रसायने, हार्श विंटर म्हणजे कडाक्याचा हिवाळा. हॉस्टाइल तिथे फारसा येत नाही. हॉस्टाइल टेरेन किंवा हॉस्टाइल क्लायमेट असे म्हणतात, पण तेव्हा तो प्रदेश जणू माणसाला जगूच देऊ इच्छित नाही, अशी कल्पना त्यामागे असते.

ऑफिसातल्या तुसड्या माणसाला हॉस्टाइल म्हणता येईल का?

सहसा नाही. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका बाईंचे तक्रारपत्र मी इंग्रजीत करून दिले होते. मूळ वाक्य होते, ‘साहेब माझ्याशी तुसडेपणाने वागतात, विचारलेल्याचं धड उत्तर देत नाहीत.’ मी लिहिले, ‘हिज बिहेव्हिअर टुवर्ड्स मी इज हॉस्टाइल.’ वाक्य व्याकरणाने चोख होते. आठवड्याभरात त्यांना चौकशीसाठी बोलावणे आले. साहेबांनी धमकी दिली का, काम मुद्दाम अडवले का, जुने वैर आहे का, असे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले गेले. बाई हबकल्या. ‘मी असं कुठं म्हटलं होतं?’ असे त्यांनी मला विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांना साहेबांनी नीट बोलावे एवढेच हवे होते. माझ्या एका शब्दाने गाऱ्हाण्याचा आरोप झाला.

तिथे कर्ट हा शब्द हवा होता. लॅटिनमध्ये कर्टस म्हणजे आखूड, कापलेले. तुटक, तोडून टाकणारे उत्तर म्हणजे कर्ट रिप्लाय. घाईघाईत, समोरच्याच्या भावनांकडे लक्ष न देता बोलणाऱ्याला ब्रस्क म्हणतात. स्वभावानेच तुसडा, कोणी जवळ आलेले न खपणारा असेल तर सर्ली. आवाज घोगरा, बोलणे खेकसल्यासारखे पण मन वाईट नाही, असा माणूस ग्रफ. या चौघांतले कुणीही तुमचे वैरी नाही.

हॉस्टाइलचा उच्चार आणि मूळ काय?

ब्रिटिश उच्चार हॉस्टाइल. अमेरिकेत बहुतेक लोक त्याचा शेवट आखूड करून हॉस्टल असा करतात, त्यामुळे वसतिगृहाचा हॉस्टेल आणि हा शब्द ऐकायला एकसारखेच वाटतात. संदर्भावरून ओळखायचे.

मुळाची गोष्ट मला फार आवडते. लॅटिनमधला हॉस्टिस आधी ‘परका’ या अर्थाने वापरला जात होता, पुढे त्याचा अर्थ ‘शत्रू’ झाला. पाहुण्यासाठीचा गेस्ट हा इंग्रजी शब्द त्याच प्राचीन धातूतून आला. यजमानाचा होस्ट आणि हॉस्पिटल हेदेखील याच कुळातले. अनोळखी माणूस दाराशी आला की त्याला पाट मांडायचा की काठी उगारायची, हे दोन्ही अर्थ एकाच मुळातून फुटलेले आहेत.

‘कडक’ या एका शब्दाला इंग्रजीत किती शब्द आहेत?

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण आपला ‘कडक’ शिक्षकांपासून उन्हापर्यंत सगळीकडे चालतो.

स्ट्रिक्ट म्हणजे नियमाला धरून चालणारा. लॅटिनमध्ये ‘घट्ट आवळलेला’ असा त्याचा मूळ अर्थ. स्ट्रिक्ट टीचर म्हणण्यात निंदा नाही, कित्येकदा कौतुकच असते. पथ्यही स्ट्रिक्ट असते.

स्टर्न चेहऱ्यावर आणि आवाजात दिसतो. आपली ‘करडी नजर’ म्हणजे स्टर्न लुक. तंबी दिली तर ती स्टर्न वॉर्निंग. नियम स्टर्न नसतात, माणसे असतात.

स्ट्रिंजंट याच्या अगदी उलट: नियम, अटी, निकष, तपासण्या स्ट्रिंजंट असतात. ‘माय फादर इज स्ट्रिंजंट’ हे वाक्य मी वह्यांमध्ये अनेकदा वाचले आहे. ते चुकीचे आहे.

सिव्हिअर प्रमाण सांगतो. सिव्हिअर पेन, सिव्हिअर शॉर्टेज, सिव्हिअर स्टॉर्म. डॉक्टर आणि हवामानतज्ज्ञ हा शब्द वापरतात, कारण त्यात भावना कमी आणि मोजमाप जास्त आहे. शिक्षेला सिव्हिअर म्हटले तर ती मोठी आहे एवढेच कळते. हार्श म्हटले तर ती गरजेपेक्षा जास्त आहे, असे तुमचे मत त्यात येते. निकालाची बातमी लिहिताना हा फरक विसरू नये. वार्ताहराने हार्श लिहिले की त्याने बाजू घेतली.

हार्डली आणि हार्शली एकच ना?

अजिबात नाही, आणि ही चूक महागात पडते. हार्डली म्हणजे ‘जेमतेम’, ‘जवळजवळ नाहीच’. ‘ही वॉज हार्डली पनिश्ड’ म्हणजे त्याला शिक्षा झाल्यासारखीच नव्हती. तुम्हाला ‘कठोर शिक्षा झाली’ म्हणायचे असेल तर हार्शली किंवा सिव्हिअरली लिहा. ‘दे ट्रीटेड मी हार्डली’ हे वाक्य इंग्रज वाचकाला अर्धवट सोडल्यासारखे वाटेल.

फटकळ, परखड, खोचक, कुजकट यांना इंग्रजीत काय म्हणायचे?

मराठीत जिभेच्या धारेचे प्रकार पुष्कळ आहेत आणि इंग्रजीही त्यात मागे नाही. परखड म्हणजे फोर्थराइट. ही स्तुती आहे. आउटस्पोकन म्हणजे स्पष्टवक्ता, मग ते कुणाला आवडो वा न आवडो. ब्लंट म्हणजे बोथट. सुरी बोथट असली की ब्लंट, आणि माणूस आडपडदा न ठेवता थेट बोलला तरी ब्लंट. मराठीत आपण अशा बोलण्याला धारदार म्हणतो, इंग्रजी त्यालाच बोथट म्हणते. भाषांतर करताना इथे हमखास पाय घसरतो.

फटकळाला शार्प-टंग्ड म्हणतात. खोचक शेरा म्हणजे बार्ब्ड रिमार्क. बार्ब म्हणजे गळाला असतो तसा उलटा काटा. आत गेला की सहज निघत नाही. खोचक शब्दाचे याहून नेमके इंग्रजी रूप मला माहीत नाही. कुजकट बोलण्याला स्नाइड. टोमण्याला साध्या बोलण्यात डिग म्हणतात. टाँटही चालतो, पण त्यात तोंडावर डिवचणे आहे. टोमणा कधी कधी भिंतीलाही ऐकवलेला असतो.

बोचऱ्या शब्दांना बाइटिंग. आपल्याकडे बोचरी थंडी असते तशी इंग्रजीत बाइटिंग कोल्ड असते. दोन्ही भाषांनी थंडीला आणि शब्दाला एकच विशेषण दिले आहे.

उद्धट म्हणजे रूड, उर्मट म्हणजे इन्सोलंट. इन्सोलंट बहुधा लहानाने मोठ्याला, हाताखालच्याने वरिष्ठाला केलेल्या उद्धटपणासाठी येतो. साहेब कारकुनाशी रूड असतो, त्याला इन्सोलंट म्हणणे कानाला खटकते.

कॉस्टिक, ॲसर्बिक, स्केदिंग, व्हिट्रिऑलिक यांत जास्त जहाल कोणता?

चढत्या क्रमाने लावायचे तर मी ॲसर्बिक, कॉस्टिक, स्केदिंग, व्हिट्रिऑलिक असे लावीन. ॲसर्बिकचे मूळ कच्च्या फळाच्या आंबट-कडू चवीत आहे. अशा बोलण्यात विनोदही असू शकतो. कॉस्टिक ग्रीकमधल्या ‘जाळणारा’ या शब्दातून आला, कॉस्टिक सोड्यातला कॉस्टिक तोच. स्केदिंग टीका समोरच्याच्या कामाचा पार धुव्वा उडवते. तिच्यात राग असेल, पण मुद्देही असतात. समीक्षेला हा शब्द शोभतो. व्हिट्रिऑल हे गंधकाम्लाचे जुने नाव. व्हिट्रिऑलिक भाषणात मुद्दे मागे पडतात आणि द्वेष उरतो.

सार्कास्टिकही याच पंगतीत बसवा. ग्रीक मुळात त्याचा अर्थ ‘मांस ओरबाडणे’ असा आहे. आपण तो किती हलक्या हाताने वापरतो!

वैरासाठी एवढे शब्द का? एन्मिटी, ॲनिमॉसिटी, रँकर, ग्रज…

कारण वैरालाही वय असते. नुकतेच उसळलेले वैर वेगळे, पिढ्यान्‌पिढ्या चाललेले हाडवैर वेगळे.

एन्मिटी म्हणजे वैर, बहुधा उघड आणि दोन्ही बाजूंनी मान्य केलेले. लॅटिन इनिमिकस म्हणजे ‘मित्र नसलेला’. संस्कृतात शत्रूला ‘अमित्र’ म्हणतात, घडण तंतोतंत तीच. ॲनिमॉसिटी मनातली तेढ, कधी धुमसणारी, कधी उफाळणारी. हा शब्द मुळात धाडस, आवेश या अर्थाचा होता. आवेश कुणाविरुद्ध तरी वळला आणि अर्थ बदलला.

रँकर हा माझा आवडता शब्द, कारण त्याला मराठीत जुळा भाऊ आहे. रँकर आणि रॅन्सिड एकाच मुळाचे, आणि रॅन्सिड म्हणजे खवट झालेले. तेल जुने झाले की खवट होते, आणि आपणही मनात जुना सल ठेवून बोलणाऱ्याला खवटच म्हणतो. साठवून ठेवल्याने बिघडलेला राग म्हणजे रँकर. ताज्या भांडणाला हा शब्द लावू नका.

ग्रज म्हणजे डूख किंवा आकस. तो धरून ठेवायचा असतो: होल्ड अ ग्रज किंवा बेअर अ ग्रज. हाडवैराला फ्यूड. मनातल्या अढीला रिझेंटमेंट. दुसऱ्याचे वाईट व्हावे ही इच्छा म्हणजे मॅलिस. कायद्यातही हा शब्द आहे, म्हणून तो जपून वापरा. मॅलिस म्हटले की हेतूचा आरोप होतो. क्षुल्लक कारणाने कुणाला खुपेल असे मुद्दाम करणे म्हणजे स्पाइट.

बिटर म्हणजे कडू बोलणारा?

नाही. बिटर पर्सन म्हणजे आयुष्याने किंवा कुणीतरी अन्याय केला, ही भावना मनात मुरलेला माणूस. तो बोलेलच असे नाही. बिटर एनिमीज म्हणजे कट्टर वैरी, बिटर कोल्ड म्हणजे कडाक्याची थंडी. शब्दाचे मूळ ‘चावणे’ या क्रियापदात आहे, म्हणून बाइट आणि बिटर हे एकाच घरचे.

ॲग्रेसिव्ह नेहमी वाईटच असतो का?

माणसाच्या वागण्याबद्दल बोलताना बहुधा वाईट. दुसऱ्याची मर्यादा ओलांडून अंगावर येणारा तो ॲग्रेसिव्ह. स्वतःचे म्हणणे ठामपणे, पण दुसऱ्याचा मान राखून मांडणारा असर्टिव्ह. नोकरीच्या मुलाखतीत ‘आय ॲम ॲग्रेसिव्ह’ असे अभिमानाने सांगणारी मुले भेटतात. त्यांना ‘धडाडीचा’ म्हणायचे असते. त्यांनी असर्टिव्ह किंवा ड्रिव्हन म्हणावे. विक्री आणि जाहिरातीच्या धोरणाला ॲग्रेसिव्ह म्हटले तर ते कौतुक असू शकते. वैद्यकात ॲग्रेसिव्ह ट्रीटमेंट म्हणजे जोरकस उपचार, आणि ॲग्रेसिव्ह कॅन्सर म्हणजे झपाट्याने पसरणारा.

पॅसिव्ह-ॲग्रेसिव्ह हा शब्द दुसऱ्या महायुद्धातून आला. अमेरिकी लष्करातले मनोविकारतज्ज्ञ विल्यम मेनिंजर यांनी १९४५ मध्ये अशा सैनिकांचे वर्णन करताना तो वापरला, जे हुकूम उघडपणे मोडत नव्हते, पण रेंगाळणे, फुरंगटणे, मुद्दाम गचाळ काम करणे अशा मार्गांनी विरोध करत होते. ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून काम न करणे, हा त्याचा रोजचा नमुना. नुसत्या अबोल माणसाला हे नाव देऊ नका.

कायद्यात आणि व्यवहारात हॉस्टाइलचा अर्थ बदलतो का?

हो, आणि तिथे त्याचा रागाशी फारसा संबंध उरत नाही. हॉस्टाइल विटनेस म्हणजे ज्या बाजूने बोलावले, तिच्याच विरुद्ध बोलू लागलेला साक्षीदार. न्यायालयाच्या परवानगीने मग तीच बाजू त्याची उलटतपासणी घेऊ शकते. मराठीत आपण ‘फितूर साक्षीदार’ म्हणतो, पण फितूर शब्दात तो विकला गेल्याचा वास आहे. हॉस्टाइलमध्ये तो नाही. साक्षीदार भीतीने बदललेला असेल किंवा आधीचे बोलणे त्याला मान्य नसेल.

हॉस्टाइल टेकओव्हर म्हणजे संचालक मंडळाची संमती नसताना कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न. सगळे हसतमुख असले तरी तो हॉस्टाइलच.

हॉस्टाइल वर्क एन्व्हायर्नमेंट ही अमेरिकी कायद्यातली संकल्पना १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर उभी आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये लैंगिक छळाच्या संदर्भात ती मान्य केली. छळ ‘सिव्हिअर ऑर पर्व्हेसिव्ह’, म्हणजे तीव्र किंवा सर्वत्र झिरपलेला असावा, अशी कसोटी त्यात आहे. इथे सिव्हिअरचे मोजमापाचे काम पुन्हा दिसते. साहेब खडूस आहेत, एवढ्याने ही कसोटी पुरी होत नाही.

अनेकवचनाकडेही लक्ष द्या. हॉस्टिलिटी म्हणजे वैरभाव, हॉस्टिलिटीज म्हणजे प्रत्यक्ष लढाई. तसाच बेलिजरंट: रोजच्या भाषेत भांडखोर, आंतरराष्ट्रीय कायद्यात फक्त ‘युद्धात उतरलेला देश’. लॅटिनमधल्या युद्ध आणि चालवणे या दोन शब्दांतून तो बनला.

ॲडव्हर्स आणि ॲव्हर्स?

परिणाम, परिस्थिती, हवामान ॲडव्हर्स असते, म्हणजे प्रतिकूल. माणूस ॲव्हर्स असतो, म्हणजे नाखूश. त्यापुढे टू येतो.

या शब्दांपुढे कोणते शब्दयोगी अव्यय लावायचे?

आपली चूक बहुधा मराठी विभक्तीमुळे होते. ‘माझ्यावर रागावला’ यातल्या ‘वर’मुळे आपण ‘अँग्री ऑन मी’ लिहितो. इंग्रजीत अँग्री विथ मी किंवा अँग्री ॲट मी. ‘माझ्याशी उद्धटपणे बोलली’ यातल्या ‘शी’मुळे ‘रूड विथ मी’ होते. तिथे रूड टू मी हवे. हॉस्टाइलपुढे टू किंवा टुवर्ड्स. माणसाशी स्ट्रिक्ट विथ, गोष्टीबाबत स्ट्रिक्ट अबाउट. क्रिटिकल ऑफ, कंटेम्प्ट फॉर, ग्रज अगेन्स्ट. हार्श आणि हार्ड यांच्यापुढे मात्र ऑन चालतो: ‘डोन्ट बी टू हार्ड ऑन हिम’. इथे मराठीचा ‘वर’ नेमका कामी येतो.

ब्रिटिश आणि अमेरिकी वापरात फरक आहे का?

थोडा आहे. मीन म्हणजे ब्रिटनमध्ये बहुधा चिक्कू आणि अमेरिकेत दुष्ट. मॅड म्हणजे ब्रिटनमध्ये वेडा, अमेरिकेत चिडलेला. ब्रिटिश माणूस इन रूड हेल्थ म्हणाला तर त्याला ठणठणीत प्रकृती म्हणायची आहे. लॅटिनमध्ये रूडिस म्हणजे कच्चा, न घडवलेला. तो राकटपणा या प्रयोगात टिकून राहिला आहे.

माणसांवरून किंवा गावांवरून आलेले असे शब्द आहेत का?

ड्रॅकोनिअन हा सर्वांत जुना. इ.स.पू. ६२१ च्या सुमारास अथेन्ससाठी कायदे लिहिणाऱ्या ड्रॅकोने किरकोळ गुन्ह्यांनाही देहदंड सांगितला होता. जाचक कायद्याला आजही हेच विशेषण लागते.

वाळीत टाकण्याला दोन शब्द आहेत. ऑस्ट्रसाइज अथेन्सचाच. तिथले नागरिक फुटक्या खापरांवर नाव कोरून एखाद्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवत. खापराला ग्रीकमध्ये ऑस्ट्राकॉन म्हणतात. बॉयकॉट आयर्लंडचा. १८८० मध्ये एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या चार्ल्स बॉयकॉटशी गावाने सगळे व्यवहार तोडले. शेतमजूर कामाला येईनात, दुकानदार माल देईनात. त्याचे आडनावच क्रियापद झाले. माणसाला एकटे पाडले तर ऑस्ट्रसाइज, मागणीसाठी व्यवहार तोडले तर बॉयकॉट.

क्रूर आणि क्रूअल एकच आहेत का?

दूरचे नातलग आहेत. संस्कृत क्रूर आणि लॅटिन क्रूडेलिस या दोन्हींच्या मुळाशी ‘कच्चे, रक्ताळलेले’ हा अर्थ सापडतो. क्रूडही त्याच घरचा.

सगळ्यांना टॉक्सिक म्हणण्याची पद्धत पडली आहे, ते बरोबर आहे का?

अर्थ बरोबर आहे, वापर सैल झाला आहे. ऑक्सफर्ड डिक्शनरीजने २०१८ चा शब्द म्हणून टॉक्सिकची निवड केली होती, त्यावरून त्याचा प्रसार कळतो. ग्रीकमध्ये बाणाला लावायच्या विषावरून तो आला. विष हळूहळू भिनते, म्हणून ज्या नात्याने किंवा वातावरणाने माणूस दिवसेंदिवस खचत जातो, त्याला टॉक्सिक म्हणावे. एकदा खेकसलेल्या मित्राला नको.

समोरच्याला न दुखावता ‘तुम्ही फार कठोर बोललात’ हे इंग्रजीत कसे लिहू?

‘यू वर हॉस्टाइल’ किंवा ‘यू आर रूड’ लिहिले की तुम्ही माणसावर शिक्का मारता आणि उत्तरही तसेच येते. त्याऐवजी बोलण्यावर बोट ठेवा: ‘द कॉमेंट ऑन माय रिपोर्ट केम अक्रॉस अ बिट हार्श.’ केम अक्रॉस म्हणजे ‘तसे वाटले’. त्यात समोरच्याचा हेतू तसा नसेल, अशी वाट मोकळी राहते. अ बिट हे शब्द इंग्रजीत फार काम करतात. ब्रिटिश माणूस ‘दॅट्स अ बिट हार्श’ म्हणतो तेव्हा त्याला पुष्कळच लागलेले असू शकते.

खरोखर वैरभाव असेल, धमकी असेल, मुद्दाम अडवणूक असेल, तर मात्र शब्द सौम्य करू नका. हॉस्टाइल लिहा आणि लगेच पुढच्या ओळीत कधी, कुठे, कोणत्या शब्दांत, ते लिहा. त्या बाईंचे पत्र मी नंतर पुन्हा लिहून दिले. त्यात हॉस्टाइल नव्हता. ‘हिज आन्सर्स आर कर्ट, अँड ऑन टू ऑकेजन्स ही वॉक्ड अवे व्हाइल आय वॉज स्पीकिंग’ असे वाक्य होते. त्यांनी ते वाचले आणि म्हणाल्या, ‘हां, हे असंच झालं होतं.’